पाठमोरा

आउलिसच्या गळातून सुटलेला पाईक मासा
यंदा आणखी वीतभर वाढला.
गेल्या वर्षी वल्ह्याएवढा होता,
आता होडीत मावत नाही.
कुणी हसत नाही.
उर्पो शेकोटीत बर्चचं एक ढलपं सारतो
आणि गंभीरपणे विचारतो,
"डोळे कसे होते रे त्याचे?"
आउलिस खूश. इतक्या वर्षांत
डोळ्यांपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

आमच्या टोळीची एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही:
मारलेल्याची गोष्ट छोटी सांगायची,
सुटलेल्याची मोठी.
मारलेलं तर शेडमध्ये आकडीला टांगलेलं असतं,
त्याच्याबद्दल काय फुशारकी मारणार?

इल्मानं तिचा पहिला मूस दोन शब्दांत सांगितला:
"आला. पडला."
आम्ही माना डोलावल्या. पोरगी तयार झाली.

मग माझी पाळी.
"काही नाही आलं," मी म्हणालो, "धुकं होतं."

धुकं होतं हे खरं.
पहाटे पाचपासून दलदलीच्या काठावर
तीन पायांच्या स्टुलावर बसून होतो,
मांडीवर बंदूक, थर्मासच्या तळाशी कोमट कॉफी.
वॉकीटॉकीत इल्मा कुजबुजली:
"तुइस्कूनं माग काढलाय. तुझ्याकडेच येतंय, टाहवो."
आणि लांबून कुत्रीचं भुंकणं,
कुणी रिकाम्या पिंपावर दांडकं आपटावं तसं.

आधी धुकंच एका जागी दाट झालं.
मग त्याला पाय फुटले.
एवढं थोरलं जनावर, आणि पाण्यातून येताना आवाज
सायीत बोट बुडवल्याएवढा.
दहा पावलांवर थांबली.
ओठांतून गवताची एक ओली काडी लोंबत होती,
ती ना गिळत होती, ना टाकत होती.

एकतीस मूस मारलेत मी आजवर.
तेव्हा दया आली वगैरे म्हणायची सोय नाही.
बायको आठवली नाही, आई आठवली नाही,
हातही थरथरला नाही.
अंगठा सेफ्टीवर होता.
तिनं पडलेल्या ओंडक्यावरून एकेक पाय
गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा जपून पलीकडे ठेवला,
आणि मी बघत राहिलो, चारही पाय होईस्तोवर.
एवढंच.
मग पुन्हा नुसतं धुकं.

दुपारी मला न्यायला उर्पो आला.
स्टुलापासून दहा पावलांवर
खुरांचे खड्डे पाण्यानं भरलेले.
तो त्यांच्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे.
"चल," म्हणाला, "सॉसेज भाजतायत."

चार दिवसांनी वाटणी.
लांब फळीवर सात ढीग,
खांदा, फऱ्या, बरगड्या, सगळ्यांत थोडं थोडं.
यंदा पाठ करून उभं राहायचा मान माझा.
मी भिंतीकडे तोंड केलं.
समोर ट्रॅक्टर कंपनीचं जुनं कॅलेंडर,
माझ्या श्वासाची वाफ त्यावर येऊन विरत होती.

मागून उर्पो एकेका ढिगावर बोट ठेवतो:
"ही कुणाची?"
"आउलिसची."
"ही कुणाची?"
"इल्माची."
डोळ्यांना दिसत नसलं की माणूस न्यायी होतो,
निदान आमच्या गावात तरी.
"ही?" "कुत्रीच्या मालकाची, म्हणजे सिप्पोची."
पाचवी हेल्वीची, सहावी तुझी,
सातवी उरली ती माझी.

"आणि ही कुणाची?"

मी बोटं मोजली. सात झाले होते.
वळून बघितलं.
उर्पोचं बोट फळीच्या टोकाला, रिकाम्या जागेवर.
खाली फक्त ओलं लाकूड.

कुणी काही बोलेना.
हेल्वी सुरी पुसत राहिली, पुसलेलीच.

मग उर्पोनं बोट उचललं, विजारीला चोळलं
आणि विचारलं, अगदी गंभीरपणे,
"डोळे कसे होते रे तिचे?"

आउलिसनं एक बादली पालथी घातली
आणि तिच्यावर बसला.