सुतळीचं दुसरं टोक

दोनशे एकोणीस सामने जिंकला हॉगस्टाड.
आकडा जिमच्या भिंतीवर पितळेत कोरलाय.
हरलेल्यांचा कोरला नाही,
तो मला विचारा: अठ्ठ्याण्णव.
पहिले सहा सोडले तर
प्रत्येक सामन्याआधी मैदानावर रेषा मीच मारल्यात,
आणि कोण जिंकणार ते चुन्याला कळत नसतं.

आमचं कॉलेज म्हणजे साडेसहाशे पोरं, एक चर्च,
धान्याचं उंच कोठार, आणि त्यापलीकडे
डकोटाचा वारा,
ज्याला अडवायला काटेरी तारेशिवाय कुणी नाही.

सत्तर साली तो आला तेव्हा
सलग दोन वर्षं आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो.
पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला पळवलं नाही,
मैदानातले दगड वेचायला लावले.
दुपारभर. बादल्या भरभरून.
शेतावरची पोरं आम्ही, दगड वेचणं नवं नव्हतं.
कोच शेजारी वाकलेला बघणं नवं होतं.

पगार बेताचा. म्हणून सकाळी आठला आरोग्यशास्त्र,
दुपारी बोलिंगचा वर्ग,
ड्रायव्हर आजारी पडला तर बसही तोच हाकायचा.
एकदा जिंकून परतताना हिमवादळात
सात तास अडकलो.
त्यानं सगळ्यांचे डबे गोळा केले,
सँडविचचे चाकूनं सारखे तुकडे केले,
आणि हरल्यासारखा गप्प बसून राहिला
काचेवरचा बर्फ बघत.

ओरडायचा? ओरडायचा की.
शिवी मात्र एकच, आजीबरोबर नॉर्वेहून आलेली.
अर्थ कुणाला माहीत नव्हता.
त्यालाही नसावा.

एकोणऐंशीत मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलं.
चाळीस हजार खुर्च्या, चौपट पगार.
बुधवारी गेला, शुक्रवारी परत.
चर्चमध्ये म्हणाले, देवाची इच्छा.
न्हाव्याकडे म्हणाले, त्यांनीच नाकारला असेल.
खरं काय ते आर्डिसनं, त्याच्या बायकोनं,
पुष्कळ वर्षांनी भांडी पुसता पुसता सांगितलं:
त्यांनी दाखवलेल्या ऑफिसच्या खिडकीतून
गवत दिसत नव्हतं.
एवढंच? मी म्हणालो.
मीही हेच विचारलं होतं, ती म्हणाली,
आणि कप जरा जोरातच ठेवला.

तो गेल्यावर तिनं मला बुटांचा एक खोका दिला.
आत कार्डं. प्रत्येक पोराचं एक, बत्तीस वर्षांची.
व्होइट: डावा खांदा कच्चा.
वडील समोर असले की चेंडू सुटतो.
वडिलांना पलीकडच्या बाजूला बसवणे.
नेल्सेथ: खोटं बोलतो, पण वाईट नाही.
इंग्रजीच्या मास्तरांशी बोलणे.
क्रेब्स: आईचं पत्र आलं की दोन दिवस सोडून देणे.
डावपेच कुठेच नाहीत. एकाही कार्डावर नाहीत.

माझंही होतं.
मी सहा आठवडेच खेळलो, मग गुडघा गेला.
दवाखान्यातून परतल्यावर त्यानं हातात
चुन्याची गाडी दिली, मला वाटलं दया आली असेल.
तीस वर्षं तसंच वाटत होतं,
आणि तीस वर्षं मी त्याच्यावर थोडा रागावलेला होतो.
कार्डावर त्याच्या तिरक्या अक्षरात:
चेंडूकडे बघतच नाही. तिसाव्या यार्डाची रेषा
चार बोटं वाकडी आहे, हे यानं सांगितलं.
मोजली. खरं निघालं.
याला सोडू नये.

उद्या शनिवार. नवा कोच बरा आहे,
कानात यंत्र, हातात पडदा, शिव्या तीन-चार.
वारा उत्तरेचा, पहाटे दव गोठणार.
रेष सरळ यायची तर सुतळी ताणून धरायला
पलीकडे माणूस लागतो.
पहाटे साडेपाचला, कॉफीचा थर्मास काखेत धरून,
ते काम तो करायचा.
आता ते टोक मी खुंटीला बांधतो.
खुंटी चांगली आहे. हलत नाही.
पण अलीकडून ओरडून विचारलं, सरळ आहे का,
तर काहीच म्हणत नाही.