अलीकडे

फैजपूरहून स्कूटीवर, पायाशी उभा करून,
भारंबे वहिनींनी सीपीयू सावद्याला आणला.
तक्रार एकच: नातू आईच्या हळदीआधीच रांगतोय.

खरंच. कॅमेऱ्यातली छोटी बॅटरी कधीतरी मेली,
घड्याळ जाऊन बसलं जानेवारी दोन हजारात
आणि तिथूनच पुढे मोजत राहिलं.

म्हटलं, एका फोटोची खरी तारीख द्या,
बाकीचे तेवढेच सरकतील.
त्या आठवत बसल्या.
लाइट गेली, कूलर थांबला, यूपीएस ओरडायला लागला.
तेवढ्यात एका फोटोत, रसाच्या वाट्यांमागे,
भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. मोठं करत गेलो:
मे, दोन हजार अकरा.
दुधाच्या खुणा सतरापर्यंत.

"मग सतरा टाकू?"
"नही भो, अठरा. दूध आलंच नव्हतं सकाळी.
हे कोरा चहा पिऊन चिडलेले. तोंड बघ ना."

एक बटण.
चार हजार दोनशे फोटो जागचे हलले.
हळद आधी, नातू मागून.

पैसे मोजता मोजता वहिनी
त्या चिडलेल्या तोंडाशी पुन्हा थांबल्या.
"हे किती सरकले?"
अकरा वर्षं, म्हटलं.
"अलीकडेच ना?"
हो. अलीकडे.