कानोसा

कंपनी बुडाली तेव्हा कुणी रडलं नाही.
तळहाताएवढं हे यंत्र तेवढं मागे उरलं,
पाठीवर ओरखडे, एक बटण बसकं,
आणि पोटात असं काही
जे उघडून बघायला मनाई होती.

कुलूप लावणारा किल्लीसकट नाहीसा झाला
तर घर कुणाचं?
एवढाच माझा प्रश्न. बाकी क्रांतीबिंती काही नाही.
मी दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो, तार्तूमध्ये.
अडकलेल्या दारांशी बोलायची सवय आहे.

फेब्रुवारी. एमायोगी नदी गोठून रस्त्यासारखी पडलेली.
टेबलावरचा राईचा पाव बाजूला सारून
मी त्याला पालथं घातलं.
पडदा काळा. तारेला उत्तर नाही.
गाण्याचं नाव भलतंच लांब ठेवलं की मात्र ते गोंधळायचं,
आणि गोंधळलेलं असताना
क्षणभर माझं ऐकायचं.
तेवढ्यात ताब्यात आली एकच गोष्ट:
बटण दाबल्यावर होणारी ती बारीक टिक.

मग तीच धरली.
एक असेल तर लांब, शून्य असेल तर आखूड.
त्या जिवाला म्हटलं, आता गाऊ नकोस.
तुझ्या पोटात काय लिहिलंय
ते टिचकी टिचकीनं सांग.

पुठ्ठ्याचं खोकं, आत माइक, भोवती युल्लेची रजई.
ती अकरा रात्री कोट पांघरून झोपली,
बाराव्या सकाळी म्हणाली,
खोक्याला ऊब पुरते का, विचार.

तिसऱ्या रात्री खालून बर्फ ढकलणारी गाडी गेली
आणि सातशे चोपन्नाव्या ओळीत
एका शून्याचा एक झाला.
पहाटे फ्रिज थरथरला. पुन्हा पहिल्यापासून.
मी फ्रिजची वायर काढली, दूध खिडकीबाहेर ठेवलं.
शेजारच्या बाईंचा खोकला मला वेळेसकट पाठ झाला.
भिंतीपलीकडे कुणी रात्रभर वाटाणे निवडावेत,
किडका इकडे, चांगला तिकडे,
तसा तो आवाज.
त्याला चाल नव्हती. तरी मी ताल धरायचो, नकळत, पायानं.

नदी फुटली त्या आठवड्यात
माझ्या स्वतःच्या चार ओळींनी
पडद्यामागचा दिवा लावला.
नुसता दिवा. अक्षर नाही, सूर नाही.
युल्लेला हलवून उठवलं.
"हं, दिवा," ती म्हणाली.
आणि मग झोपेतच, बऱ्याच वेळानं:
"कुणाचा?"

लिहिलेलं सगळं उघडं ठेवलं,
खिडकीबाहेर दूध ठेवावं तसं.
उरुग्वेतल्या कुणीतरी तीन ओळी नीट केल्या,
नावही धड लिहिलं नाही.
गाणी वाजू लागली, आधी तोतरी, मग सरळ.

आणि कुरेसारेच्या बेटावरून हेल्दुरचा फोन.
पियानो जुळवतो तो. जन्मापासून दिसत नाही.
"छान झालं," म्हणाला, "पण तुमचा दिवा
माझ्या काय कामाचा?"

मी गप्प. खोकं अजून तिथंच होतं.
युल्ले रजई डोक्यावरून घेऊन आत शिरली,
नाक चोंदलेलं, हातात दोनशे बारा शब्दांचा कागद.
मागे. पुढे. आवाज. झोपायची वेळ.
हो. नाही. नक्की पुसायचं?
"नक्की" तिनं सहा वेळा म्हटलं,
प्रत्येक वेळी थोडं कमी नक्की.

शरदात हेल्दुर बोटीनं आला, मग बसनं.
दार तिनंच उघडलं. "या," एवढंच म्हणाली.
तो उंबऱ्यावर थबकला.
"सर्दी गेली वाटतं तुमची."

बॅटरीचं गणित मात्र अजून चुकतं.
तीन टक्के उरलेत, असं चोंदल्या आवाजात सांगून
ते आणखी दोन तास गात राहतं.
चूक नोंदलेली आहे, माझ्याच नावावर.
दर रविवारी उघडतो, वाचतो,
आणि खाली जाऊन
एखादी लिफ्ट बघून येतो.