चार नंबरचं टेबल

"उठा आता" असं म्हणायचं नसतं.
त्यासाठी आमची वेगळी भाषा आहे:
बिल पालथं ठेवायचं, बशीखाली अर्धं सरकवून,
"घाई नाही हं" म्हणायचं, म्हणजे घाई आहे.
मग केचपची बाटली उचलायची.
मग शेजारचं, आधीच लख्ख असलेलं टेबल
पुन्हा पुसायचं, जरा जोरात.

आर्वो लेहतिनेन यांना ही भाषा येत नाही.
किंवा येते,
आणि ते फिनिश मौनात उत्तर देतात.

रविवार, सव्वाअकरा. डुलुथमधला नोव्हेंबर.
चर्च सुटलंय. दाराशी नऊ माणसं,
कोटांवर बर्फाचा भुगा,
दार उघडलं की सुपीरियर सरोवराचा वारा
थेट ऑम्लेटपर्यंत.
आणि खिडकीजवळचं चार नंबर, चार खुर्च्यांचं,
एकट्या म्हाताऱ्याने अडवलेलं.
समोर रिकामी बशी, ब्लूबेरी पायचा जांभळा डाग,
एक तास दहा मिनिटं.

माझा हिशोब सोपा आहे.
एका टेबलावरून सकाळी पाच पंगती उठल्या
तर पोराचे स्केट्स होतात.
चार उठल्या तर वाणसामान होतं
आणि स्केट्स पुढच्या महिन्यात.
आर्वोंची टीप दोन डॉलर,
कॉफीच्या चौथ्या कपालाही तीच.
कप फुकट भरून मिळतो. खुर्ची फुकट नाही,
पण तसं कुठे लिहिलेलं नाही.

डेल्बर्टने एकदा लिहून लावलं होतं,
"कृपया, नव्वद मिनिटं."
लोक त्या पाटीवरच वाद घालत बसले,
दोन-दोन तास.
पाटी आता फ्रीजमागे आहे.

मला विचाराल तर,
पोट भरल्यावर उठतो तो भुकेसाठी आलेला.
जो उठत नाही तो कशासाठी आलाय
हे आधी कळावं, मग मिनिटं मोजावीत.
पण हे मला सोमवारी पटतं.
रविवारी नाही.

"आणखी काही?" मी विचारते, म्हणजे नको म्हणा.
ते खिडकीबाहेर बघतात.
"दहालाच यायला हवी होती.
लाटा असतील बाहेर."

ती म्हणजे बोट. हजार फूट लांब,
लोहखनिज भरायला येणारी.
तिच्यावर त्यांची मुलगी काइसा, स्वयंपाकी.
पुलाखालून जाताना ती मागच्या डेकवर येते
आणि भांडी पुसायचा टॉवेल हलवते.
बस्स, एवढंच.
दहा-बारा दिवसांतून चार सेकंद.

सहा वर्षं मी त्यांच्या शेजारचं टेबल पुसतेय.

दाराशी एक बाई, दोन मुली, धाकटीचा मोजा ओला.
इथे अनोळखी माणसाच्या टेबलावर
कुणी कुणाला बसवत नाही.
लोक बर्फात उभे राहतील, पण विचारणार नाहीत.
मी विचारलं.
आर्वोंनी कप स्वतःकडे ओढला,
टोपी खुर्चीवरून उचलून मांडीवर घेतली.
झाली जागा.

पॅनकेक अजून तव्यावर होते
तेव्हा भोंगा आला, एक लांब, दोन आखूड.
पूल वर जायला लागला.
खिडकी भरून एक तपकिरी भिंत सरकत राहिली,
संपेचना.
आणि धाकटी ओरडली,
"टॉवेल! कुणीतरी टॉवेल हलवतंय!"
आर्वोंनी हात वर केला
आणि खाली घ्यायला विसरले.

मला वाटलं, आता उठतील.
बोट गेली, बिल भरलंय,
दोन डॉलर बशीखाली.
पण धाकटीने विचारलं,
बोटीवर रात्री जेवायला काय असतं?
त्यांनी खुर्ची आणखी आत ओढली.

बारा वीस. दाराशी आता अकरा माणसं.
डेल्बर्ट गल्ल्यावरून भुवया उंचावतोय.
मी केचपची बाटली परत जागेवर ठेवली,
पाचवा कप भरला.
स्केट्स डिसेंबरात.