दहा, पाच, चार

मी आवाज आहे. फे नावाच्या पाणमांजरीचा.
नोम पेन्हला, एका गॅरेजच्या माडीवर,
भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या खोलीत
पंखा बंद करून, घाम गाळत
मी मासे मोजते :
एक, दोन, तीन, चार, पाच,
पाच-एक, पाच-दोन…
आमच्या भाषेत सहाला स्वतःचं नाव नाही.
एक हात संपला
की दुसऱ्याचं बोट उसनं घ्यायचं.

सकाळी साडेसहाला फे रेडिओवर येते.
दुपारी फोनमध्ये;
तिथे बोट लावलं की मासा उडी मारतो.
शुक्रवारी कागदावर छापून येते,
आणि शनिवारी त्याच कागदात
कुणीतरी मासे बांधून नेतं.
एकच गोष्ट तीन वाटांनी सोडायची,
म्हणजे एखादी तरी पोचेल,
असं आमचे साहेब वुथी म्हणतात.
उरलेल्या दोन कुठे जातात
हे त्यांच्या तक्त्यात नाही.

मग मलाच पाठवलं सरोवरावर,
कुठवर पोचली ते बघायला.

तोन्ले सापवर शाळा तरंगते.
पाणी चढलं की दोर सोडतात,
नावा जुंपून ओढत नेतात शाळा
बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांपाशी,
फळ्यासकट, घंटेसकट.
एकदा गुरुजी आतच झोपले होते म्हणे,
उठले ते दुसऱ्याच गावात.
माझ्या हातात फॉर्म :
मूल वीसपर्यंत मोजतं का? होय. नाही.

मालिसच्या घरी नुसता रेडिओ.
शेजारच्या पिसेथकडे फोन,
मोटारीच्या बॅटरीवर चार्ज होणारा.
दोघं भांडत होती
फे कुठल्या रंगाची, यावरून.
तपकिरी, तो म्हणाला,
आणि पडदा तिच्या नाकासमोर धरला.
हिरवी, ती म्हणाली.
बघितलीस कधी?
ऐकलीय. आवाजच हिरवा आहे तिचा.

मी घसा साफ केला,
फेच्या आवाजात पिल्लांना हाक मारली.
पिसेथ लोळून हसला.
मालिसने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.
नक्कल करतेस तिची, म्हणाली.
बरी करतेस.

हिरव्याला रकाना नव्हता.
तिचा फॉर्म मी कोराच ठेवला.
निघताना तिने नावेचा काठ धरून ठेवला :
अकरा भाग झाले,
ती आपली मोजतेय, मोजतेय.
खात का नाही?

वुथी म्हणाले, वजाबाकी तिसऱ्या सत्रात आहे.
चित्रं काढणारी कनिथा म्हणाली,
दातच काढलेले नाहीत मी तिला,
तोंड उघडायची वेळच आली नव्हती.
मी काहीच म्हणाले नाही.
बाराव्या भागाला पंखा बंद केला,
कच्च्या पेरूची फोड घेतली
आणि माइकला नाक लावून चावली.
मासा असा वाजत नाही,
हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.
तरी चावली.
मग पहिल्यापासून मोजत आले,
आणि शेवटचा आकडा आला तिथे
गप्प बसले.
चार सेकंद.
रेडिओवर चार सेकंद गप्प राहिलं
तर लोक डबा आपटून बघतात.

त्याच महिन्यात नदी फिरली.
दरवर्षी फिरते; समुद्राकडे जायचं सोडून
उलटी सरोवरात शिरते,
नि त्याचं कुणाला काही वाटत नाही.
आमच्याकडे मात्र उलट दिशेने
कधी काही आलं नव्हतं.
पिसेथच्या फोनवरून आलं :
आधी इंजिनची फटफट,
कुणीतरी बदकांना शिव्या देतंय,
मग अगदी जवळून, श्वासासकट,
दहा, पाच, चार.
आणि थोडं थांबून :
पोट भरलं का तिचं?

वुथींनी तो कोरा फॉर्म पुढे ओढला.
वीसपर्यंत मोजत नाही, म्हणाले,
आणि ‘नाही’वर खूण केली.

मी पेरूची दुसरी फोड कापली.