शिडी धरणारी

चढायचं काम रेइनोचं. शिडी धरायचं माझं.
एकेचाळीस वर्षं असंच.
मार्च संपत आलेला, बर्फ अजून मांडीइतका,
स्कीच्या मागे बांधलेली ॲल्युमिनियमची शिडी
झाडाझाडाला खडखडत येते.

झाडावर खोका, खोक्यात मोती-घुबड.
दोन मुठींएवढं, आणि डोळे मात्र
कुणीतरी आत्ताच भलतं काही सांगितल्यासारखे.
तो वरून आकडा टाकतो, मी खाली झेलते.
सात, म्हणतो.
मी लिहिते सात.
पेन्सिलीनं. शाई या थंडीत गोठते.

सात म्हणजे उंदरांचं वर्ष.
पानं किती मांडलीत त्यावरून
कोठीत काय आहे ते कळतं ना, तसं.

आखूड शेपटीचा, मातकट, बटाट्यासारखा उंदीर.
एकवीस दिवसांत विते मादी. पाच पिल्लं.
महिना-दीड महिन्यात त्यातली लेकसुद्धा पोटुशी.
एका हिवाळ्यात कंटाळून मी हिशेब मांडला
वहीच्या मागच्या पानावर:
कुणी मेलंच नाही तर?
ऑगस्ट यायच्या आत पान संपलं.
रेइनो म्हणाला, "काइनूत पाय ठेवायला जागा उरणार नाही, आयला,
आणि सगळ्यांची नावं तुलाच ठेवावी लागतील."

पण मरतात.
गवत संपतं, मग बर्चच्या रोपांची साल कुरतडतात,
आपसात चावतात,
आणि बर्फाखालच्या बोळांतून लुमिक्को येतो,
पांढरा, अंगठ्याएवढा जाड,
त्यांच्याच बिळात शिरतो,
त्यांचीच लव अंगाखाली घेऊन निजतो.
चांगल्या वर्षी लुमिक्कोही वाढतात, पण जरा उशिरा.
त्या उशिरावरच सगळं घड्याळ चालतं.
उंदीर उतरणीला लागले की हे जेवायला रांगेत.
मग उंदीर नाहीत. मग लुमिक्को नाहीत.
मग रेइनो वरून म्हणतो, "काही नाही,"
आणि मी लिहिते शून्य.

शून्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.
सात, पाच, शून्य, दोन, सात.
खाली गेलेली सुई वर येणारच,
असं धरून टाके घालतो आपण.

दुसरी एक वही होती. शाळेची हजेरी.
सव्वीस वर्षं तीही मीच लिहिली.
ब्याऐंशी साली चौतीस मुलं,
कोट टांगायला खुंट्या पुरत नव्हत्या.
मग बावीस. मग नऊ.
शेवटच्या वर्षी ओनेर्वा आणि तिचा भाऊ,
आणि त्याला ताप आला की ओनेर्वा एकटीच,
मोठ्यानं पाढे म्हणायची, वर्ग भरलेला वाटावा म्हणून.
त्यांना कुणी खाल्लं नाही.
दूध होतं, सरपण होतं, दुपारचं जेवण फुकट होतं.
औलूला गेली, हेलसिंकीला गेली, तिघं स्वीडनला.
ती सुई खाली गेली ती गेलीच.
शाळेत आता एक जर्मन जोडपं उन्हाळ्यात राहायला येतं.

आम्हाला मूल नाही.
हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही.

यंदा जानेवारीत पाऊस पडला.
बर्फावर पाऊस, मग कडाक्याची थंडी,
जमिनीला काचेचं झाकण.
बोळ बुजले.
हे लुमिक्कोचं काम नव्हे, घुबडाचंही नव्हे.
यंदा पाळी सातची होती.
साठ खोके. तो वर, मी खाली.
"काही नाही."
"काही नाही."
त्याचे गुडघे आता पायरीगणिक वाजतात;
पायऱ्या मी त्यावरूनच मोजते.

अठ्ठावन्नाव्या खोक्याशी तो बराच वेळ थांबला.
मी शिडी घट्ट धरली,
वरचा माणूस बोलेनासा झाला की धरतात तशी.
"एक," म्हणाला.
"गरम आहे?"
"हात घातला नाही."
मग थोड्या वेळानं, "लिही ना."

पेन्सिलीचं टोक मोडलेलं. दातांनी काढलं,
एका हातानं लिहिलं.
दुसरा शिडीवरच होता.