द्राक्षांचा वास

कुताईसीच्या प्रसूतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर,
अकराशे ग्रॅमची, नऊशे ग्रॅमची माणसं
काचेच्या पेट्यांत झोपायची.
रात्रपाळी माझी होती,
आणि संसर्गाची वहीही माझ्याकडे.

ऑक्टोबरात पहिलं बाळ आजारी पडलं.
एवढ्या लहानांना ताप चढत नाही,
ती नुसती थंड पडत जातात.
चार दिवसांनी दुसरं. मग तिसरं,
ज्याला अजून नाव नव्हतं;
पेटीवर चिकटपट्टीनं लावलेलं आईचं आडनाव, किकनाद्झे.
तिघांच्याही रक्तात एकच जंतू.

कुठेतरी पाणी मुरतंय, सगळे म्हणाले,
आणि सगळ्यांनी पाहिलं
झुझुनाकडे.

झुझुना फरशी पुसायची.
साठी उलटलेली, गुडघ्याला लोकरीची पट्टी,
वानीजवळच्या खेड्यातून पहाटेच्या मिनीबसनं यायची.
हात धुवून मागे लागलो आम्ही तिच्या.
शब्दशः. कोपरापर्यंत धुवून.
बादली तपासली, फडकी तपासली,
तिच्या नखांखालून कापसाची काडी मी फिरवली.
तिनं दहाही बोटं पुढे केली
शाळेत पोरं दाखवतात तशी.
क्लोरीननं तिच्या बोटांवरच्या रेषाही
खाऊन टाकल्या होत्या.

"झालं?" तिनं विचारलं. आणि हात पदराआड न्यावेत तसे
ॲप्रनच्या खिशात घालत म्हणाली,
"बेसिनपाशी द्राक्षांचा वास येतो, लामारा.
काळ्या इझाबेलाचा. आमच्या दारावर वेल आहे, मला कळतं.
वॉर्डात द्राक्षं कोण आणतं?"

कोणी नाही, मी म्हणाले.
वहीत वासाला रकाना नव्हता.

तिच्या बोटांची बशी कोरी निघाली. तीन दिवस ठेवूनही कोरी.
बाळाच्या रक्ताची बशी मात्र
प्रयोगशाळेतल्या ओतारनं दिव्याखाली धरली:
पोपटी, ओलसर चमक,
जणू आत कुणी पानं चुरगळलीत.
"झाकण उघडून हुंगायचं नसतं," तो म्हणाला,
"पण हा न हुंगताही कळतो."

कळला.
गोड, जरा आंबूस,
सप्टेंबरातल्या टोपलीच्या तळाशी असतो तसा.
मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले.

नळकाम करणाऱ्या वाझानं बेसिनखालचा बाक उघडला
आणि तोंड फिरवलं.
आत साय धरली होती. शेवाळी, जाड, जिवंत.
ती कशावर पोसली, हे त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं:
दर रात्री शेवटचं पाजणं झालं की
उरलेलं दूध, उरलेलं साखरपाणी
मीच ओतत आले त्या जाळीत.
वर नळ सोडायचा, पूर्ण,
सगळं वाहून जावं म्हणून.
आणि त्या धारेनं जे उसळायचं खालून
ते बसायचं शेजारच्या ओट्यावर, नळ्यांवर,
आणि माझ्या
आत्ताच धुतलेल्या हातांवर.

बेसिन काढलं. भिंतीत भोक राहिलं,
वाझानं त्यावर वेगळ्याच रंगाची फरशी बसवली.
पहिलं बाळ घरी गेलं. किकनाद्झेही गेलं,
लुका नाव ठेवून, दोन किलो शंभर होऊन.
दुसऱ्याच्या पेटीवरची चिकटपट्टी
मी नखानं खरवडत होते बराच वेळ.

झुझुनाची माफी मी मागितली नाही.
शब्द तयार होते,
पण ती बादली उचलून पुढच्या खोलीत गेलेली असायची
दर वेळी.

वहीत एक रकाना आखला. पट्टी न घेता, वाकडाच आला.
वर लिहिलं: वास.
आणि वही तिच्यापुढे धरली.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझा चष्मा मागितला,
पेन ॲप्रनला पुसलं,
नव्या नळापाशी जाऊन उभी राहिली,
डोळे मिटून, इतका वेळ
की मी श्वास घ्यायची थांबले,

आणि परत येऊन, तारखेपुढे,
एकेक अक्षर सोडवत लिहिलं:
आज नाही.